खोक्यावर तारीख छापा

माझ्या टेबलाखालच्या संगणकात 2017 सालचा प्रोसेसर आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, 65 वॅट, एएम4 सॉकेट. तो बिघडलेला नाही. सिंगापुरातल्या बेडोकच्या दमट हवेत रोज चालू होतो, सांगितलेलं काम पुरं करतो. फक्त आता त्याला वेळ लागतो. मराठी नाटकांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती मी घरी संपादित करतो. पूर्वी चहा होईपर्यंत तयार होणारी फीत आता रात्रभर लावून ठेवावी लागते, कारण कॅमेरे बदलले, चित्र मोठं झालं आणि प्रोसेसर तोच राहिला. तेव्हा तो बदलायचा की अजून थांबायचं, असा प्रश्न आहे. माझी तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे. उत्तरासाठी लागणारी माहिती कंपन्यांच्या कपाटात असते आणि निर्णय मात्र गिऱ्हाइकाने घ्यायचा असतो.

तक्रार लहान आहे, हे मान्य. कोणाचं घर बुडालेलं नाही. पण माझ्यासारखी माणसं बेडोकमध्ये आहेत, पुण्यात आहेत, नाशकात आहेत. दर तीन-चार वर्षांनी सगळी याच जागी येऊन अडतात, आणि सगळ्यांचे मिळून जे पैसे, जे शनिवार-रविवार आणि जे चांगले मदरबोर्ड वाया जातात, ते लहान नाहीत.

पुण्यात माझा भाचा आहे. या विषयात त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ कळतं. फोन केला की तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "मामा, थोडं थांब. पुढच्या वर्षी नवीन येतोय." तो खोटं बोलत नाही, पुढच्या वर्षी नवीन येतोच. पण हे वाक्य कुठल्याही वर्षी, कुठल्याही महिन्यात तितकंच खरं असतं. मग त्याच्या आधाराने ठरवायचं काय?

एके काळी या सल्ल्यात अर्थ होता. गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये लिहिलं होतं की चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल. 1975 मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांवर नेली. नव्वदच्या दशकात ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून संगणक जुळवला, त्यांना आठवत असेल की वर्षभर थांबणाऱ्याला तेवढ्याच पैशांत खरोखर बरंच जास्त मिळायचं. नंतर हे संपलं. इंटेलचा क्यू6600 जानेवारी 2007 मध्ये आला, तो चार कोअरचा. जानेवारी 2017 मधला आय7-7700के, सर्वसाधारण ग्राहकासाठीचा त्या कंपनीचा सर्वांत वरचा प्रोसेसर, तोही चार कोअरचाच. वेग वाढला, वीज कमी लागू लागली, हे खरं. पण त्या दहा वर्षांत जे "अजून थोडं" म्हणत थांबले, त्यांच्या हाती थांबण्याच्या मानाने फार थोडं लागलं.

आणि मग 2017 मध्ये सगळं एकदम हललं. मार्चमध्ये एएमडीचे आठ कोअरचे रायझन आले. ऑक्टोबरमध्ये इंटेलने आठव्या पिढीत सहा कोअर दिले. जानेवारीत घेतलेला चार कोअरचा प्रोसेसर दसरा-दिवाळीपर्यंत मागे पडला. याचं मला वाईट वाटत नाही, प्रगती व्हायचीच. वाईट याचं वाटतं की त्या आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला तोच होता. नावही तेच, एलजीए 1151. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात नीट बसायचा, पण चालायचा नाही. त्याला नवा बोर्डच हवा होता. हौशी लोकांनी बदललेलं बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, चढवून काही जुन्या बोर्डांवर ते प्रोसेसर नंतर चालवूनही दाखवले. पण जानेवारीत बोर्ड घेणाऱ्याला ऑक्टोबरची ही अट कोणीच सांगितली नव्हती. पुढे 2020 मध्ये एलजीए 1200 आला, 2021 मध्ये 1700, 2024 मध्ये 1851.

एएम4 ची गोष्ट याहून बरी आहे आणि म्हणूनच ती जास्त सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला एएमडीने सांगितलं की हा सॉकेट 2020 पर्यंत चालवू. ग्राहकाला आधीच साल सांगणं या धंद्यात दुर्मिळ आहे, त्याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. पण सॉकेट चालवणं म्हणजे नेमकं काय, ते त्या वाक्यात नव्हतं. फेब्रुवारी 2018 मध्ये नवे प्रोसेसर आले, तेव्हा दुकानांत पडून असलेल्या बोर्डांचं बायोस त्यांना ओळखत नव्हतं. बायोस नवं करायला आधी संगणक चालू व्हावा लागतो, आणि तो चालू व्हायला जुना प्रोसेसर हवा. अखेर एएमडीला ग्राहकांना एक साधा प्रोसेसर उसना पाठवायची सोय करावी लागली. तो बसवा, बायोस चढवा, आमचा आम्हाला परत करा. सोय चांगलीच होती. पण ती करावी लागली, यातूनच कळतं की ही गोष्ट आधी कोणी गिऱ्हाइकाच्या जागी बसून करून पाहिली नव्हती.

मे 2020 मध्ये एएमडीने जाहीर केलं की येणारे झेन 3 प्रोसेसर 500 मालिकेच्या बोर्डांवरच चालतील. बी450 आणि एक्स470 चे बोर्ड तेव्हा दुकानात मिळत होते, लोक घेत होते. ओरड झाली आणि 19 मे रोजी कंपनीने निर्णय फिरवला. त्या दोन्ही बोर्डांना सोय मिळाली, माझ्या बी350 ला आणि 300 मालिकेतल्या इतरांना मिळाली नाही. कारण सांगितलं जायचं ते बायोसच्या चिपचं. जुन्या बोर्डांवर ती बहुधा 16 मेगाबाइटची, तिच्यात इतक्या सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. अडचण खरी होती. मग मार्च 2022 मध्ये त्याच 300 मालिकेला झेन 3 साठी अधिकृत परवानगी मिळाली. चिप तीच, 16 मेगाबाइटचीच. काही जुन्या प्रोसेसरांची ओळख बायोसमधून काढली की नव्यांना जागा होत होती.

मधल्या दोन वर्षांत ज्यांनी चांगला चालता बी350 बोर्ड काढून टाकला आणि नवा घेतला, त्यांचं काय? त्यांच्याकडे जी माहिती होती तिच्या आधारे त्यांनी योग्यच केलं, आणि त्यांचे पैसे गेले. जे थांबले त्यांना पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डावर नवा कोरा प्रोसेसर बसवता आला. पण त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? त्यांचं फक्त नशीब बरं होतं. 2017 च्या बोर्डाला 2022 चा प्रोसेसर घेता येतो, ही अभियांत्रिकी म्हणून फार उत्तम गोष्ट आहे. त्याची खात्री पहिल्या दिवशी कागदावर मिळाली असती तर ती ग्राहकासाठीही उत्तम ठरली असती.

थांबण्याची शिक्षाही आहेच. रायझन 7 5800एक्स3डी एप्रिल 2022 मध्ये 449 अमेरिकी डॉलरला आला. अनेकांनी ठरवलं, किंमत उतरली की घेऊ. किंमत उतरली, लोक आणखी उतरायची वाट पाहत राहिले, आणि 2024 च्या अखेरीस तो दुकानांतून दिसेनासा झाला. शेवटची तारीख आधी जाहीर झालेली नव्हती. दुसरीकडे, न थांबणाऱ्यांनाही शिक्षा झाली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर अधिक व्होल्टेज ओढून आतून झिजत होते. जुलै 2024 मध्ये कंपनीने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. हमी वाढवली ते योग्यच केलं. पण झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही.

आता खरेदीकडे येतो, कारण बारीकसारीक त्रास तिथेच जास्त आहेत.

बेडोक नॉर्थहून डाउनटाउन लाइन सरळ रोचोरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनाजवळच सिम लिम स्क्वेअर. सुटे भाग घेण्यासाठी सिंगापूरकर पिढ्यानपिढ्या तिथे जात आले आहेत आणि दुकानांतला किमतींचा एकपानी कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरत आले आहेत. त्या कागदावर रायझन 5 5500 आणि रायझन 5 5600 एकाखाली एक छापलेले असतात. दोन्ही सहा कोअरचे. नाव वाचून वाटतं की फरक थोड्या वेगाचा असेल. प्रत्यक्षात 5500 ची रचनाच वेगळी आहे. तो लॅपटॉपसाठीच्या चिपवरून काढलेला आहे. त्याचा तिसऱ्या पातळीचा कॅशे 16 मेगाबाइट, 5600 चा 32. बरोबर निम्मा. तसंच 5700 आणि 5700एक्सचं. एका अक्षराचा फरक आणि कॅशे पुन्हा निम्मा. शिवाय 5600 च्या खोक्यात कूलर असतो, 5700एक्सच्या खोक्यात नसतो, आणि हे खोक्याच्या दर्शनी बाजूला ठळक लिहिलेलं नसतं. घरी येऊन खोकं उघडणाऱ्याला पुन्हा रोचोर गाठावं लागतं.

मी हे सगळं विचारलं तेव्हा दुकानातला मुलगा सभ्यपणे बोलला. त्याची मुळीच चूक नाही. पण "माझ्या बोर्डाला यासाठी बायोसची कुठली आवृत्ती लागेल?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोकं उघडलं की माल परत घेत नाही अशी पाटी त्याच्या डोक्यावरच लावलेली होती. उघडल्याशिवाय चालतो का ते कळत नाही, आणि उघडल्यावर परत जात नाही. सिंगापुरात 1 सप्टेंबर 2012 पासून सदोष मालाविरुद्धचा लेमन कायदा आहे. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं कायदा धरून चालतो. चांगला कायदा आहे. पण माझ्या बोर्डावर न चालणारा प्रोसेसर सदोष नसतोच. तो ठणठणीत असतो. त्यामुळे त्या कायद्याच्या छत्रीखाली मी येत नाही.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत माझ्या बोर्डासमोर 5600 आहे. त्यासाठी आधी एक मधली आवृत्ती चढवायची, मग शेवटची, आणि शेवटची चढवल्यावर मागे येता येणार नाही अशी सूचना. प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हने बायोस चढवायचं बटण माझ्या बोर्डावर नाही. त्या काळच्या स्वस्त बोर्डांवर ते सहसा नसेच. म्हणजे चढवताना काही अडलं तर बोर्ड गेला. सिंगापुरात वीज जात नाही, एवढा एक दिलासा.

मग कूलर काढायचा. एएम4 मध्ये पिना प्रोसेसरला असतात, 1331 पिना, आणि सॉकेटची पकड इतकी हलकी की वाळलेली थर्मल पेस्ट तिला हार जात नाही. कूलर सरळ वर ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. जाणकार सांगतात, आधी संगणक अर्धा तास कामाला लावा, पेस्ट मऊ होऊ द्या, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. हे इतकं महत्त्वाचं आहे, तर खोक्यातल्या पत्रकावर पहिल्या ओळीत हवं. एएम5 मध्ये पिना सॉकेटमध्ये नेल्या आणि प्रोसेसरला धातूच्या चौकटीने दाबून धरलं. पण एएम4 चे प्रोसेसर अजून विकले जात आहेत, आणि ते घेणारे बहुतेक सगळे माझ्यासारखेच जुना काढून नवा बसवणारे आहेत.

उष्णतेचं कोणीच बोलत नाही, तेही बोलायला हवं. प्रोसेसरच्या तापमानाचे जे आकडे वाचायला मिळतात, ते बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. माझ्या खोलीत दुपारी एसी लावला नाही तर तीस-एकतीस अंश असतात, आणि कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्या आकड्यांत मला नऊ-दहा अंश मिळवूनच वाचावं लागतं. एएम5 वरचे सुरुवातीचे वरचे रायझन 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, असं कंपनीच सांगते. त्यांना काही होत नसेलही. पण ती सगळी उष्णता त्या छोट्या खोलीतच राहते, आणि ती बाहेर काढायला एसीच्या विजेचे पैसे मला द्यावे लागतात. मुंबई, चेन्नई, कोलंबो, जकार्ता, मनिला, सगळीकडे हेच हवामान आहे. जगातल्या इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या खोलीतलं तापमान धरून एक तरी तक्ता छापायला काय हरकत आहे?

एवढं सगळं असूनही थांबता आलं असतं. पण मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ज्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालतं त्या यादीत रायझनची पहिली पिढी नाही, आणि इंटेलची बहुतेक सातवी पिढी व तिच्या आधीचे नाहीत. सुरक्षिततेची कारणं दिली आहेत, त्यांत तथ्यही आहे. वैयक्तिक ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्या आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, मिळायची सोय ठेवली आहे. पण सहा कोअरचा धडधाकट प्रोसेसर 2017 मध्ये घेताना त्याच्या कामाच्या वर्षांची मर्यादा एका तिसऱ्याच कंपनीच्या यादीवर ठरणार आहे, हे कोणाला माहीत होतं? थांबणं हा माझा हक्क होता. त्याची मुदत दुसऱ्याच कोणी ठरवली.

भाचा आता म्हणतो, "मामा, मग सरळ एएम5 घे ना. 2027 च्या पुढेही चालेल म्हणतात." सल्ला वावगा नाही. पण एएम5 ला डीडीआर5 रॅम लागते, आणि रॅमच्या किमतींनी 2025 च्या उत्तरार्धात जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काही महिन्यांत किमती दुपटीच्या वर गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि ते लागेल ती किंमत मोजतात, म्हणून कारखाने आधी त्यांचा माल काढतात. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या संगणकातल्या रॅमच्या पट्ट्यांवर तेच नाव आहे. त्याच मायक्रॉनने जानेवारी 2025 मध्ये इथे, सिंगापुरातल्या वुडलँड्समध्ये, डेटा सेंटरांना लागणाऱ्या एचबीएम मेमरीच्या पॅकेजिंगसाठी सुमारे सात अब्ज अमेरिकी डॉलरच्या प्रकल्पाची पायाभरणी केली. मी राहतो त्याच बेटावर. या बेटाची भरभराट चिपवरच उभी आहे, त्यात माझ्याही मुलाबाळांचं भलं आहे, आणि मला तिचा आनंदच आहे. पण बेटावर एवढी मेमरी हाताळली जात असताना बेडोकच्या ग्राहकाला रॅमच्या दोन पट्ट्यांसाठी प्रोसेसरपेक्षा जास्त मोजावे लागावेत, हे मला पटत नाही.

बेडोकला तर या धंद्याचा शेजार जुना आहे. इथल्याच औद्योगिक वसाहतीत, चाई ची लेनवर, एएमडीचा कारखाना होता. प्रोसेसर तपासायचे, त्यांवर खुणा उमटवायच्या आणि पाठवायचे, हे काम तिथे चालायचं. त्या कंपनीच्या प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर तो कुठे घडला, कुठे जुळवला गेला, ते आजही कोरलेलं असतं. तेवढ्या छोट्या जागेत एवढं लिहिता येतं, तर खोक्याच्या सहा बाजूंवर आणखी चार ओळी नक्की मावतील.

त्या चार ओळी कुठल्या, तेही सांगतो. बोर्डाच्या खोक्यावर छापा की या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर किमान अमुक सालापर्यंत येतील आणि या बोर्डाला ते चालवण्यासाठीचं बायोस तोपर्यंत मिळत राहील. प्रोसेसरच्या खोक्यावर छापा की कुठल्या मालिकेच्या बोर्डांवर, बायोसच्या कुठल्या पिढीपासून तो चालतो. कूलर आहे की नाही ते दर्शनी बाजूला छापा. आणि उत्पादन बंद करायचं असेल तर सहा महिने आधी जाहीर करा. हे अशक्य नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्ती किती सोपी आहे याचा दहापैकी गुण छापणं सक्तीचं आहे. औद्योगिक यंत्रांसाठी याच कंपन्या दहा-दहा वर्षं पुरवठ्याची लेखी हमी देतात. मोठ्या गिऱ्हाइकाला तारीख मिळते, म्हणजे तारीख त्यांच्याकडे असते.

मी 5600 घ्यायचं ठरवलं आहे. बोर्ड तोच, रॅम तीच, कूलर खोक्यातला नवा. तेवढ्याच 65 वॅटमध्ये चित्रफितीचं काम बरंच लवकर होईल आणि विंडोज 11 चीही अडचण सुटेल. बोर्ड आणि रॅम आणखी काही वर्षं टाकून द्यावी लागणार नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या शहरात वर्षाला साठ हजार टनांच्या आसपास ई-कचरा निघतो, त्यात चालत्या वस्तू घालायला माझा हात धजत नाही. जुना प्रोसेसर भाच्याला पाठवतो आहे. त्याच्या मित्राच्या बोर्डावरचा प्रोसेसर गेला आहे आणि त्याला फुकटातला चालेल. फक्त त्या बोर्डावर कोणी शेवटचं बायोस चढवलेलं असेल, तर त्यातून माझ्या जुन्या प्रोसेसरची ओळख काढून टाकलेली असू शकते. तसं आहे का, हे त्या बोर्डाच्या खोक्यावर लिहिलेलं नाही. मित्राने कंपनीला विचारलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही.